मॅन्युअल गिअर का गेला? दुसऱ्या गिअरकडे बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पोर्शच्या सध्याच्या पिढीतल्या ९११ जीटी३ला मॅन्युअल गिअरबॉक्सवर शून्य ते शंभर गाठायला ३.९ सेकंद लागतात आणि पीडीके ऑटोमॅटिकवर ३.४. फेरारी आणि लॅम्बोर्गिनी यांनी मॅन्युअल केव्हाच बंद केला, कॉर्व्हेटमध्ये तो मिळत नाही, आता गोल्फ जीटीआयमधूनही गेला. मग ‘ऑटोमॅटिक जास्त वेगवान, म्हणून मॅन्युअल संपला’ एवढं सरळ उत्तर पुरेसं नाही का? आणि तसं असेल तर त्याबद्दल हळहळ कशाला? शेवटी तुम्ही हेही विचारलंय, की वापरलेली मॅन्युअल स्पोर्ट्स गाडी घ्यायचा विचार आहे, ती घ्यावी का.

मी सत्तावीस वर्षं गिअरबॉक्सवरच काम करतोय. पहिली तेरा वर्षं भोसरीत, गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या चाचणी विभागात गेली. तिथे रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, सिंक्रो रिंग (गिअर बसण्याआधी वेग जुळवणारी कडी) लाखो वेळा गिअरमध्ये टाकून झिजवायची आणि मोजायची, हेच काम. नंतर स्वतःचं गॅरेज काढलं. त्यामुळे मी उत्तर देतोय ते गिअरबॉक्स उघडून बघणाऱ्या माणसाच्या बाजूने.

वेगाचं आधी मान्य करून टाकतो. तिथे वाद नाहीच. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमधल्या जाकारेपाग्वाच्या ट्रॅकवर नायजेल मॅन्सेलने जॉन बार्नार्डने रचलेली फेरारी ६४० पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. त्या गाडीत गिअरचा दांडा नव्हता, स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. काही वर्षांत फॉर्म्युला वनमधल्या सगळ्यांनी तेच केलं. १९९७ साली फेरारी एफ३५५मध्ये ही कल्पना रस्त्यावर आली. पण त्या पहिल्या पिढीचे गिअरबॉक्स आतून नेहमीचे मॅन्युअलच होते. क्लच दाबायचं आणि गिअर सरकवायचं काम पायाऐवजी हायड्रॉलिक पिस्टन करायचे, एवढाच फरक. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओपासून जी एएमटी लोकांना माहीत झाली, तिचं तत्त्वही हेच. गिअर बदलताना गाडी क्षणभर मोकळी सुटते आणि मान पुढे जाते. ट्रॅकवर ते चालून जायचं, गर्दीत त्रासाचं व्हायचं. तोवर मॅन्युअल घेणाऱ्याला आपण काही चुकीचं घेतोय असं वाटायचं कारण नव्हतं.

खरा फरक पाडला डबल क्लचने. कल्पना जुनी आहे, ॲडॉल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाची, १९३०च्या दशकातली. पोर्शने ती १९८०च्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांवर राबवली आणि १९८६ साली मोंझाची शर्यत त्यावर जिंकली. रस्त्यावरच्या विक्रीच्या गाडीत ती प्रथम २००३ साली गोल्फ आर३२मध्ये आली आणि ९११मध्ये पीडीके या नावाने २००८ साली. एक, तीन, पाच हे गिअर एका क्लचवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच दातात बसून तयार असतो. बदलायचं म्हणजे एक क्लच सोडत जायचा आणि त्याच वेळी दुसरा धरत जायचा. मध्ये ताकद तुटत नाही. कितीही सराईत हात-पाय असले तरी माणसाला हे जमणार नाही, कारण त्याच्याकडे क्लच एकच आहे.

इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मॅन्युअल घेणारा गिऱ्हाईक कधी त्या अर्ध्या सेकंदासाठी गाडी घेतच नव्हता. ३.९ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी कोणाला हळू वाटत असेल तर त्याने ती कुठे चालवली, हे मला जाणून घ्यायला आवडेल. त्याच पिढीची जीटी३ २०२१ साली आली तेव्हा मॅन्युअलचं वजन सतरा किलोने कमी होतं, १४१८ किलो विरुद्ध १४३५, आणि कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर, पीडीकेपेक्षा दोनने जास्त. म्हणजे मॅन्युअल जिवंत ठेवायला कारणं होती. तरीही तो गेला. का गेला ते बघायचं तर स्टॉपवॉच बाजूला ठेवा आणि दुसऱ्या गिअरकडे बघा.

युरोपात नव्या गाडीचं प्रदूषण आणि इंधन मोजायची जी जुनी चाचणी होती, एनईडीसी, ती रोलरवर गाडी ठेवून ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालवायची असे. २०१७ सालापासून तिची जागा डब्ल्यूएलटीपीने घेतली, पण तोवर दोन दशकांहून जास्त काळ गाड्या तिच्या हिशेबाने घडल्या. त्या चाचणीत मॅन्युअल गाडीने गिअर कधी बदलायचा हे नियमातच लिहिलेलं होतं. ताशी १५ किलोमीटरला पहिल्यातून दुसऱ्यात, ३५ला तिसऱ्यात. शहराच्या भागात ५० किलोमीटरला गाडी तिसऱ्यातच राहायची. मग ती छोटी हॅचबॅक असो की चारशे घोड्यांची कूपे, वेळापत्रक एकच. ऑटोमॅटिकला मात्र हे बंधन नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरला जसं शिकवलं असेल तसं ती करणार. ५० किलोमीटरला खुशाल पाचव्या-सहाव्यात जाऊन इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवायची.

आता इंजिनिअरच्या जागी बसून विचार करा. मॅन्युअल गाडीचा आकडा खाली आणायचाय आणि गिअर कधी बदलायचा ते तुमच्या हातात नाही. मग हातात राहतं एकच, गिअरच लांब करायचे. दुसरा गिअर इतका लांब करायचा की ३० किलोमीटरला इंजिन कमी फिरेल. एकमेव कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही. आवाजाची चाचणी होती, आणि तोच गिअरसेट दुसऱ्या गाडीतही वापरायचा असायचा. पण परिणाम सगळ्यांनी हाताने अनुभवलाय. पोर्शच्या ७१८ केमन जीटी४मध्ये दुसरा गिअर ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो. इतकं सुंदर इंजिन आणि इतका चांगला गिअरबॉक्स, पण कायद्यात राहून चालवायचं तर दुसरा गिअर पुरता ओढताच येत नाही. गिअर बदलण्यात गंमत आहे म्हणून गाडी घ्यायची आणि गिअर बदलायची वेळच यायची नाही. त्यात अनेक युरोपीय देशांत गाडीवरचा कर किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो यावर ठरतो. कागदावर ऑटोमॅटिकचे ग्रॅम कमी दिसले की ती घेणाऱ्यालाही स्वस्त पडायची आणि कंपनीलाही. एकेकाळी मॅन्युअलचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे कमी पेट्रोल पिणं, आणि तेच पहिल्यांदा गेलं.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. तो म्हणजे टॉर्क, इंजिनाची पिळण्याची ताकद. याबद्दल लोक फार कमी बोलतात, पण मॅन्युअलचं नुकसान सगळ्यात जास्त यानेच केलं, असं माझं ठाम मत आहे.

होंडा एस२०००चा गिअर ज्याने एकदा बदललाय तो विसरत नाही. १९९९ सालची गाडी, दोन लिटरचं इंजिन, ९,००० फेऱ्यांपर्यंत जाणारं. दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर, मध्ये केबल नाही. मनगट हलवलं की गिअर बसला. लोक म्हणतात होंडाची कारागिरी. कारागिरी होतीच. पण त्या इंजिनाचा टॉर्क बघा, सुमारे २०८ न्यूटन मीटर. मियाटा म्हणून लोकांना माहीत असलेल्या माझदा एमएक्स-५चंही तसंच, दोनशेच्या आसपास. गोड गिअर आणि कमी टॉर्क ही जोडी योगायोगाने जुळलेली नाही.

गिअर बदलताना तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन सुटतं, पण क्लचप्लेट सुटत नाही. ती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेली असते आणि फिरतच राहते. समजा इंजिन ५,००० फेऱ्यांवर आहे आणि तुम्ही तिसऱ्यातून दुसऱ्यात येताय. दुसऱ्या गिअरला त्या वेगाला साधारण ७,००० फेऱ्या हव्यात. म्हणजे ती प्लेट, तो शाफ्ट आणि त्याला लागून फिरणारी सगळी चक्रं यांना दोन हजार फेऱ्यांनी वर ओढायचं. हे काम कोण करतं? बांगडीएवढी एक सिंक्रो रिंग, पितळेची किंवा कार्बनचं अस्तर लावलेली. ती शंकूवर घासून वेग जुळवते, मगच दात आत जातात. तुमच्या हाताला जो हलकासा अडथळा लागतो आणि मग गिअर आत ओढला जातो, ते तिचं काम चालू असल्याचं लक्षण. सगळ्यात जास्त मार दुसऱ्याच्या सिंक्रोला बसतो, म्हणून तिथे बहुतेक वेळा दोन किंवा तीन शंकूंचा संच असतो. रिगवर आम्ही सगळ्यात आधी झिजताना बघायचो ती दुसऱ्याचीच रिंग.

आता इंजिनाला टर्बो बसवा. बीएमडब्ल्यू एम३चंच उदाहरण घ्या, कारण तिने सगळे टप्पे पाहिलेत. १९८६च्या पहिल्या एम३चा टॉर्क २४० न्यूटन मीटरच्या आसपास होता. २००० साली आलेल्या ई४६ या पिढीच्या एम३चा ३६५. २०१४ साली टर्बो आला आणि आकडा एकदम ५५० झाला. क्लचने एवढा टॉर्क न घसरता पेलायचा तर करता येण्यासारख्या गोष्टी तीनच. प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक करा, मग पेडल जड होतं आणि ट्रॅफिकमध्ये गुडघा दुखतो. दोन प्लेटा लावा, मग पैसे आणि वजन वाढतं. नाहीतर प्लेटचा व्यास वाढवा. इथेच गोम आहे. तेवढ्याच जाडीच्या तबकडीचं फिरण्याचं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. व्यास दहा टक्के वाढवला तर जडत्व जवळजवळ दीडपट. ते सगळं ओढायचं त्याच बांगडीएवढ्या रिंगने. मग रिंग मोठी करा, शंकू वाढवा, दात रुंद करा. गिअरबॉक्स मजबूत होतो, पण हाताला तो जाड, रबरी, हट्टी लागायला लागतो. पूर्वी सुरीने लोणी कापल्यासारखा जाणारा गिअर आता ढकलावा लागतो.

म्हणून सध्याच्या एम३मध्ये मॅन्युअल मिळतो तो फक्त साध्या आवृत्तीत, ५५० न्यूटन मीटरवर. काँपिटिशन आवृत्तीला ६५० आहेत आणि तिला फक्त आठ गिअरची ऑटोमॅटिक. २०२४च्या हायब्रिड एम५चा एकत्र टॉर्क १,००० न्यूटन मीटर आहे, तिथे मॅन्युअलचा प्रश्नच येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक, आणि डबल क्लचच्या बॉक्सला यातली अडचण वेगळी असते. प्लेटा तेलात बुडालेल्या, दाबणारं हायड्रॉलिक. माणसाच्या पायाची ताकद किती आणि मनगटाची किती, हे प्रश्न तिथे नाहीतच. बुगाटी व्हेरॉनने २००५ साली १,२५० न्यूटन मीटर सात गिअरच्या डबल क्लचवर पेलून दाखवले होते.

आणि यावर कडी म्हणजे कंपन्यांनी याच काळात मॅन्युअलवर कष्ट घेणं कमी केलं. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. फ्लायव्हील दोन तुकड्यांचं झालं, मध्ये स्प्रिंगा, कारण कमी फेऱ्यांवर टर्बो इंजिन ज्या झटक्याने ताकद देतं त्याने गिअर खडखडतात. ते समजू शकतो. पण त्याने इंजिनाची फेरी चढणं-उतरणं मंद होतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, वायरवरून इलेक्ट्रॉनिकवर गेला. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतं, म्हणून कॉम्प्युटर थ्रॉटल हळूहळू बंद करतो. तुम्ही क्लच दाबलाय, पाय काढलाय, तरी इंजिन तिथेच रेंगाळतंय. पुढचा गिअर टाकून क्लच सोडला की धक्का. चालवणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं.

गॅरेजमधला एक प्रसंग सांगतो. एक मध्यमवयीन गृहस्थ गाडी घेऊन आले, चांगली सहा सिलेंडरची, मॅन्युअल. म्हणाले, वीस वर्षं मॅन्युअल चालवली, पण या गाडीत मला गुळगुळीत बदलताच येत नाही, विकून ऑटोमॅटिक घेतो. मी चालवून बघितली. क्लचच्या तेलाच्या नळीत एक छोटा अडथळा बसवलेला असतो. पाय झटकन सोडला तरी क्लच हळू सुटावा, म्हणजे कोणी निष्काळजीपणे सोडला तर मागच्या शाफ्टला धक्का बसू नये, यासाठी. निष्काळजी माणसासाठी लावलेली ती अडचण, आणि शिक्षा मात्र सराईत माणसाला. पाय पूर्ण वर आलाय आणि क्लच अजून घसरतोय. आम्ही तो भाग बदलून सरळ नळी टाकली, क्लचचं तेल बदललं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तेव्हा आवाजातूनच कळत होतं की गाडी विकायचा विचार गेलाय. त्यांच्यासारखी किती माणसं गॅरेजपर्यंत न येता सरळ शोरूमला जाऊन ऑटोमॅटिक घेऊन आली असतील, याचा मी अनेकदा विचार करतो. लोकांनी उत्तम ऑटोमॅटिकची तुलना बिघडवलेल्या मॅन्युअलशी केली. निकाल दुसरा काय लागणार?

हिशेबाच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सोपी आहे. एका इंजिनाला दोन गिअरबॉक्स द्यायचे म्हणजे प्रदूषणाची प्रमाणपत्रं दोन, सॉफ्टवेअर दोन, अपघाताच्या चाचणीत पेडल आत घुसतं का ते वेगळं बघायचं, सुटे भाग पंधरा वर्षं ठेवायचे. शंभरातले दहा-पंधरा लोकच मॅन्युअल घेत असतील तर मालकाला हे परवडत नाही. अमेरिकेत १९८० साली नव्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश मॅन्युअल होत्या. आता एक-दोन टक्केही जेमतेम. कॉर्व्हेट सी८चं इंजिन २०१९ साली मागे गेलं, तेव्हा दोन सीटांमधला बोगदा हाच गाडीचा कणा झाला. त्यातून दांडा आणि केबल न्यायला कण्यालाच भोक पाडावं लागणार, आणि एवढ्या थोड्या गाड्यांसाठी नवा मॅन्युअल बॉक्स घडवून घ्यावा लागणार. म्हणून फक्त आठ गिअरचा डबल क्लच. एक आठवण म्हणून सांगतो, १९५३ सालची अगदी पहिली कॉर्व्हेटही फक्त दोन गिअरच्या ऑटोमॅटिकवरच मिळायची. मॅन्युअल १९५५ला आला आणि तेव्हापासून तिला स्पोर्ट्स कार म्हणून मान मिळाला. त्याशिवाय युरोपात २०२२पासून नव्या मॉडेलना आणि २०२४पासून सगळ्याच नव्या गाड्यांना आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक सक्तीचा आहे. गाडीने स्वतः ब्रेक लावून थांबायचं आणि क्लच मात्र माणसाने दाबायचा, हे जमवणं अशक्य नाही, पण प्रत्येक वेळी वेगळं काम आहे.

मॅन्युअल परत आल्याची उदाहरणंही आहेत, आणि त्यांतून बरंच कळतं. पोर्शने २०१३ साली जीटी३ फक्त पीडीकेवर आणली. जुन्या गिऱ्हाइकांनी नाराजी अगदी उघड बोलून दाखवली. २०१६ साली ९११ आर आली, फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलवर, ९९१ नग. विक्रीनंतर त्यांचे भाव कुठच्या कुठे गेले. २०१७च्या जीटी३मध्ये मॅन्युअल परत आला. २०२३ची ९११ एस/टी पुन्हा फक्त मॅन्युअल, १,९६३ नग, कारण ९११ जगापुढे आली ते वर्ष १९६३. टोयोटाने सुप्रा २०१९ साली ऑटोमॅटिकवरच आणली आणि २०२२ला मॅन्युअल जोडला. फॉर्म्युला वनच्या गाड्या रचणाऱ्या गॉर्डन मरेने आपल्या टी.५०ला बारा सिलेंडरचं १२,१०० फेऱ्यांचं इंजिन दिलं आणि त्यामागे सहा गिअरचा मॅन्युअल. गाड्या मात्र शंभरच.

हे वाचून आनंद होतो, पण पूर्ण नाही. मॅन्युअल आता घड्याळासारखा होत चाललाय. ज्याच्याकडे कोट्यवधी आहेत त्याला हवा तितका सुंदर मिळेल. मला काळजी आहे ती खालच्या टोकाची. चालवायला शिकणारा पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी जी गाडी घेऊ शकते, तिच्यात चांगला गिअर राहणार का? इथे आपल्याकडची परिस्थिती युरोपपेक्षा जरा बरी आहे. रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो २०१५ साली १४५ घोडे आणि पाच गिअरचा मॅन्युअल घेऊन आली. त्या गाड्या आजही लोक जपून आहेत. फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं इंजिन सुरुवातीला फक्त डीएसजी या डबल क्लचच्या ऑटोमॅटिकवर मिळायचं, पुढच्या वर्षी मॅन्युअल द्यावा लागला. ह्युंदाईने आय२० एन लाइनला आधी क्लच पेडल नसलेला आयएमटी दिला आणि २०२३ला खरा मॅन्युअल आणला. टाटाची अल्ट्रोज रेसर २०२४ साली आली ती सहा गिअरच्या मॅन्युअलवरच. टॉर्क कमी, वजन कमी, गिअर एकमेकांच्या जवळ, अशी छोटी गाडी हीच मॅन्युअलची खरी जागा आहे.

आता हळहळीबद्दल. माझे मामा एसटीत चालक होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून घाट चढायचो. जुन्या गाड्यांच्या बॉक्सला सिंक्रो नव्हते. चढावर खालचा गिअर टाकायचा तर मामा क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून एक रेस द्यायचे, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचे. यालाही डबल क्लचच म्हणायचे, पण वरच्या दोन क्लचच्या बॉक्सशी त्याचा संबंध नाही; क्लच एकच, तो दोनदा दाबायचा. सगळं मिळून एक सेकंद. चुकलं तर गिअर कर्र करून बाहेर फेकायचा आणि भरलेली गाडी घाटात सुटायची. मामा आवाजावरून सांगायचे, आता किती रेस लागेल ते. सिंक्रो रिंग जे काम करते ते मामा कानाने आणि पायाने करत होते. मी पुढे रिगवर बसून जे आलेख काढले, ते सगळे मला त्या केबिनमध्ये आधीच ऐकू आले होते.

हळहळ आहे ती याची. वळणापूर्वी ब्रेक लावता लावता टाचेने रेस देऊन दुसरा गिअर टाकायचा, तर तुम्हाला रस्ता किती पुढेपर्यंत दिसतोय, गाडीचं वजन पुढे किती आलंय, मागची चाकं किती हलकी झालीयेत, इंजिन कुठल्या फेरीवर आहे, हे सगळं आधी कळलेलं असावं लागतं. पॅडलवर बोट दाबताना यातलं काहीच कळायची गरज नसते, गाडीला कळलेलं असतं. निसान ३७०झेडने २००९च्या मॉडेलमध्ये मॅन्युअललाही आपोआप रेस जुळवून द्यायची सोय आणली, आता ती बहुतेकांत असते. ट्रॅकवर ठेवा, शिकताना बंद करा. बऱ्याच गाड्यांत तसं बटण असतं.

इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हे पुन्हा जागवायचा प्रयत्न चाललाय. ह्युंदाई आयोनिक ५ एन आठ खोटे गिअर आणि आवाज तयार करते, बदलताना धक्काही देते. करणाऱ्यांनी मनापासून केलंय, ते चालवताना जाणवतं. कोनिगसेग या स्वीडिश कंपनीने तर पेट्रोलवरच्या सीसी८५०मध्ये एकाच गिअरबॉक्सला ऑटोमॅटिक आणि क्लच पेडलवाला मॅन्युअल अशा दोन्ही रूपांत वापरायची रचना केली, ती तर मला यंत्र म्हणून थक्क करून गेली. पण सिंक्रोचा तो अडथळा, थंडीत घट्ट झालेलं तेल, झिजत चाललेल्या प्लेटचा बदलत जाणारा पकड बिंदू, हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. तुमची गाडी आणि तुम्ही मिळून ते होत जातं.

तर घ्यावी का? रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास जात असेल आणि ही एकच गाडी असणार असेल, तर घेऊ नका. जड क्लचची गाडी तिथे तुम्हाला वर्षभरात नकोशी होईल आणि हाफ क्लचवर ठेवून ठेवून तुम्ही प्लेटही जाळाल. दुसरी गाडी म्हणून, रविवारी पहाटे ताम्हिणीला न्यायला, जरूर घ्या. निवड करताना घोडे मोजू नका. टॉर्क कमी आणि दुसरा गिअर आखूड अशी शोधा.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. गाडी थंड असतानाच पहिल्या किलोमीटरमध्ये, सावकाश वेगात, तिसऱ्यातून दुसऱ्यात टाका. किंचित घट्ट लागलं तर हरकत नाही. कर्र वाजलं तर दुसऱ्याची रिंग गेली असं धरून चाला, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग गाडी गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ६० किलोमीटरला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. फेऱ्यांचा काटा वर जातोय आणि वेग तसा वाढत नाही, म्हणजे प्लेट घसरतेय. इंजिन बंद करताना मागून खडखड आली तर दोन तुकड्यांचं फ्लायव्हील थकलंय. क्लचबरोबर तेही बदलावं लागेल, आणि ते क्लचपेक्षा महाग पडतं.

गिअर ऑइलचं बिल मागा. मागच्या हिवाळ्यात एक गाडी आली होती, सकाळी दुसरा गिअर बसतच नव्हता, आधीच्या गॅरेजने बॉक्स उघडायचा खर्च सांगितला होता. मी आधी तेल काढलं. मॅन्युअल बॉक्सला सांगितलेल्या जीएल-४ऐवजी कोणीतरी मागच्या डिफरन्शियलचं जीएल-५ भरलं होतं. ते दातांना वाचवतं, पण पितळी रिंगेला मानवत नाही. त्यात घर्षण कमी झालं की रिंग वेग जुळवू शकत नाही. अडीच लिटर बरोबरचं तेल भरलं आणि मालकांना म्हटलं, दोनशे किलोमीटर शांतपणे चालवून आणा. आठवड्याने सकाळी सातला, रात्रभर बाहेर उभी असलेली ती गाडी मीच सुरू केली. दुसरा एका बोटाने बसला. अशी एखादी तुम्हाला सापडली, मालक कंटाळलेला आणि बिघाड फक्त तेलाचा, तर भाव पाडून घ्या आणि घेऊन या.